चित्रातला काटा

दीपमाला उमरग्याला ज्या कंपनीत कामाला होती, ती शेतातली मोटार घरबसल्या मोबाईलवरून चालू-बंद करायचं यंत्र विकायची. हायवेला लागून टायरच्या दुकानावर दोन खोल्या, एवढीच कंपनी. मालक शिवप्रसाद उमरग्याचेच. वडिलांचं मोटारी दुरुस्तीचं दुकान होतं, त्यातूनच त्यांनी हे उभं केलं होतं. यंत्राच्या आतलं सगळं गौरीशंकर नावाचा इंजिनिअर बघायचा. शेतकऱ्याला मोबाईलवर जे दिसतं, म्हणजे बटणं, रंग, अक्षरं, ते काम दीपमालाचं. सोलापूरला कॉलेजात ती हेच शिकली होती.

तिनं केलेला पहिला स्क्रीन अगदी साधा होता. पांढऱ्या पडद्यावर दोन शब्द, चालू आणि बंद. दिसायला नेटका, पण लोकांचा त्यावर विश्वास बसेना. माणूस घरातून 'बंद' दाबायचा आणि खरंच बंद झाली का बघायला चपला घालून शेताकडं निघायचा. तिचे वडील उत्तरेश्वर तामलवाडीत हेच करत होते. गुडघे गेलेले, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि दीपमालाची आई वारल्यापासून घरात दुसरं कुणी नाही. त्यांची पायपीट वाचावी म्हणून तिनं यंत्र विहिरीवर बसवून दिलं, आणि तरीही ते काठी टेकत बांधावरून स्टार्टरच्या पेटीकडं निघालेले असायचे.

"मोबाईलवर बंद दिसतंय की आण्णा," ती एकदा म्हणाली.

"दिसतंय. पर ते नुसतं अक्षर हाय गं. पेटीपाशी जाऊन काटा बघितला की जिवाला बरं वाटतं."

तिला तिथंच सुचलं. सुट्टी काढून ती शेतात पेटीसमोर बसली. राखाडी पत्र्याची पेटी, बोटं लागून लागून मधोमध फिकट झालेलं हिरवं बटण, जरा आत बसलेलं लाल बटण, वर तीन फेजचे तीन दिवे, आणि त्याखाली काचेआड करंट दाखवणारा काटा. मोटार चालू केली की काटा उसळून वर जायचा आणि मग सावकाश आपल्या जागी यायचा. बंद केली की खाली पडायचा, शून्यापाशी जरासा थरथरायचा आणि थांबायचा. दीपमालानं ते पुन्हा पुन्हा बघितलं, व्हिडिओत धरलं, आणि तो काटा जसाच्या तसा मोबाईलच्या पडद्यावर उतरवला. बटण दाबल्यावर होणारा 'खट्' असा आवाजही तिनं त्याच पेटीवरून घेतला.

शिवप्रसादांनी मोबाईल हातात घेतला, लाल बटण दाबलं आणि काटा थरथरत खाली येताना बघत राहिले.

"ही आमच्या वडिलांच्या दुकानातली पेटी आहे," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा हिरवं दाबलं.

नव्या स्क्रीननं कंपनीला चांगले दिवस आले. परंड्यापासून उमरग्यापर्यंत कुणाला काही शिकवावं लागेना. ज्यांना मोबाईलवरचा नंबर शोधायला नातू लागायचा तेही पेटी ओळखत होते. हिरवं दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद, काटा सांगेल तसं. आणि मुख्य म्हणजे लोकांनी खात्री करायला शेताकडं जाणं सोडलं. उत्तरेश्वरसुद्धा ओट्यावर बसून मोटार चालवू लागले. आपलं काम जमलं याचा याहून मोठा पुरावा दीपमालाला नको होता.

त्या यंत्रात मोटारीच्या तारेभोवती एक कडं बसवलेलं असायचं. तारेतून किती करंट जातोय ते कडं मोजायचं, मोबाईलला कळवायचं, आणि मग पडद्यावरचा काटा हलायचा. पुढच्या वर्षी शिवप्रसादांनी स्वस्तातलं यंत्र काढायचं ठरवलं. लहान शेतकऱ्याला पहिलं परवडत नाही हे खरंच होतं. स्वस्त करण्यासाठी कडं काढून टाकलं. आता यंत्राला मोबाईलचा निरोप ऐकू यायचा, पण उलट काही सांगता यायचं नाही.

"मग काटा कशावर हलणार?" दीपमालानं विचारलं.

"बटणावर," गौरीशंकर म्हणाला. "लाल दाबलं की खाली, हिरवं दाबलं की वर."

"आणि निरोप यंत्रापर्यंत पोचलाच नाही तर?"

"कधीमधी होईल तसं. नेटवर्क आता सगळीकडं आहे."

"मग काटा काढून टाकूया."

शिवप्रसादांनी नाही म्हणून मान हलवली. "काटा काढला तर लोक म्हणतील, अर्धवट माल दिला. त्या काट्यावर तर माल चाललाय. राहू दे."

दीपमाला गप्प बसली. मालकांचं ऐकायचं म्हणून तर बसलीच, पण तिलाही तो काटा काढवत नव्हता. इतक्या मेहनतीनं केलेलं दुसरं काही तिच्याजवळ नव्हतं.

त्या पावसाळ्यात व्होल्टेज वाढून तामलवाडीच्या विहिरीवरचं जुनं यंत्र जळालं. दीपमालानं त्याच्या जागी नवं, स्वस्तातलं बसवून दिलं. मोबाईलवर उत्तरेश्वरांना काहीच फरक दिसला नाही. तीच पेटी, तोच काटा.

विहीर सामायिक होती. निम्मी उत्तरेश्वरांची, निम्मी त्यांचा चुलतभाऊ बजरंग याची. बजरंग वयानं बराच लहान, दोघांचीही जमीन तोच कसायचा, आणि त्याची बायको राजेश्वरी रोज उत्तरेश्वरांना भाकरी पाठवायची. बजरंगाकडं साधा बटणांचा फोन होता. म्हणून मोटार कुणाच्याही रानासाठी चालवायची असली तरी चालवायचे उत्तरेश्वरच. बजरंग शेतातून फोन करायचा आणि ते ओट्यावरून बटण दाबायचे.

माघात कांद्याला पाणी चाललं होतं. सकाळी लाईट गेली, आणि मोटार आपोआप थांबली. पाणी दोन दिवसांपासून बारीक येत होतं, मोटारीच्या जाळीला शेवाळ धरलं असणार हे बजरंगाला ठाऊक होतं. लाईट नाही तोवर उतरून काढावं म्हणून त्यानं फोन केला.

"दादा, मी इहिरीत उतरतोय जाळी काढाया. तुमी मोटार बंद करून ठिवा. न्हाईतर लाईट आली की आपसूक चालू व्हईल."

"थांब, फोन कापू नगंस."

उत्तरेश्वरांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला. काटा वरच होता. लाईट नसताना काटा वर कसा, हे त्यांच्या मनात आलं. पण लाईट आत्ताच परत आली असेल असं वाटून त्यांनी घाईनं लाल बटण दाबलं. खट् असा आवाज झाला. काटा खाली आला, शून्यापाशी थरथरला आणि थांबला.

"केली बंद," त्यांनी सांगितलं. "काटा खाली आलाय. उतर आता."

विहीर ओढ्याकडच्या खोलगट रानात होती. तिथं मोबाईलची रेंज कधी यायची, कधी जायची. बजरंगाचा फोन लागला होता, पण उत्तरेश्वरांनी दाबलेल्या बटणाचा निरोप पेटीपर्यंत पोचलाच नव्हता. बजरंग छातीइतक्या पाण्यात उभा राहून शेवाळ उपसत होता, राजेश्वरी काठावर दोर धरून होती, तेवढ्यात लाईट आली. पेटीतला स्टार्टर आपोआप लागला. पाण्यालगत केबलच्या जोडावरची पट्टी सुटलेली होती, आणि बजरंगाचा उजवा हात नेमका तिथं होता.

राजेश्वरीला आधी मोटारीचा आवाज आला आणि मग नवऱ्याचा चेहरा दिसला. ती ओरडली नाही. दोर टाकून दोन बांध पलीकडच्या पेटीकडं धावली आणि लाल बटणावर मूठ मारली. शेजारच्या रानातल्या माणसांनी बजरंगाला वर काढलं. तो श्वास घेत होता. सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचा जीव वाचवला, पण उजवा हात कोपराखाली काढावा लागला.

दीपमाला उमरग्याहून दवाखान्यात पोचली तेव्हा उत्तरेश्वर व्हरांड्यातल्या बाकावर एकटे बसले होते. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला राजेश्वरी आणि तिचा भाऊ अमरसिंह. मधला बाक रिकामा होता. दीपमाला वडिलांजवळ बसली. 

जरा वेळानं अमरसिंह उठून समोर आला.

"एका डोळ्यानं दिसत न्हाई धड, अन् मोबाईलवर मोटारी चालवाया लागलेत," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं ते जास्तच लागलं. "लालच्या जागी हिरवं दाबलं आसंल तुमी."

उत्तरेश्वरांनी वर बघितलं.

"आसंल," ते म्हणाले.

राजेश्वरीनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

गावात आल्यावर दीपमालानं वडिलांना काय झालं ते नीट विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं, फोन, घाई, बटण. "काटा थरथरत खाली आला. म्या बघितलं गं. का तसं वाटलं मला, कुणाला ठावं. आता मलाच भरवसा न्हाई." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "सगळी म्हणत्यात म्हंजी चुकलंच आसंल."

रंग चुकला असता तर काटा खाली आला नसता, वर गेला असता. दीपमालाला हे लगेच कळलं. तिनं त्यांचा मोबाईल मागून घेतला आणि मागच्या अंगणात गेली. दुपारची वेळ होती. तिनं फोन विमानाच्या चिन्हावर टाकला. आता त्यातून कुणाला काही जाणार नव्हतं आणि त्यात कुठून काही येणार नव्हतं. मग तिनं पेटीचं चित्र उघडलं आणि हिरवं बटण दाबलं. काटा उसळून वर गेला. लाल दाबलं. खट् असा आवाज झाला, काटा खाली आला, शून्यापाशी थरथरला आणि थांबला.

तिनं पुन्हा दाबून बघितलं. काटा पुन्हा तसाच हलला. किती सुंदर जमलाय, असं याच काट्याकडं बघून तिला कितीदा वाटलं होतं. ती तिथंच धुण्याच्या दगडावर बसली.

ती आत आली तेव्हा उत्तरेश्वर जेवणाच्या ताटासमोर बसले होते. राजेश्वरीकडून भाकरी येणं बंद झालं होतं. दीपमालानंच सकाळी पिठलं केलं होतं, ते तसंच होतं.

"आण्णा, तुमची चूक नाही," ती म्हणाली. "तुम्ही लालच दाबलं. निरोप पोचला नाही. काटा खोटा होता."

"खोटा म्हंजी?"

तिनं समजावून सांगितलं. कडं काढून टाकलेलं. काटा मोटारीचं काही सांगत नाही, नुसता बटणाबरोबर हलतो. फोन बंद यंत्राशी बोलत असला, कुणाशीच बोलत नसला, तरी हलतो. तिनं फोन त्यांच्यापुढं धरून दाखवला. ते बघत राहिले.

"हे तुला ठावं हुतं?"

"हो."

"अन् ते थरथरणं?"

"ते मी काढलेलं आहे आण्णा. आपल्या पेटीवरून."

त्यांनी ताट बाजूला सारलं. तिला वाटलं होतं, हे ऐकून त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरेल. तसं काही झालं नाही. ते पहिल्यापेक्षा म्हातारे दिसायला लागले.

"हे कुणापाशी बोलू नगंस," ते शेवटी म्हणाले.

"का?"

"माझी चूक म्हणून सगळ्यांनी धरलंय ना. ऱ्हाऊ दे तसंच. म्हातारा माणूस, दिसलं न्हाई, चुकलं. लोकं इसरतील. म्या किती दिसाचा. तुझं सगळं आयुष्य जायाचंय अजून."

"तुम्ही रोज त्या ओट्यावर मान खाली घालून बसणार, आणि मी उमरग्याला नोकरी करणार?"

"व्हय. कर."

"मला नाही जमायचं ते."

"बापाचं एवढं ऐक," ते म्हणाले. त्यांनी तिच्याकडं असं काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. 

ती उमरग्याला परत गेली. शिवप्रसादांना अपघाताचं कळलं होतं. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं, काकांची चौकशी केली, आणि ती मनापासून केली. मग म्हणाले, "माहितीपुस्तिकेत आपण छापलेलं आहे. मोटारीला हात लावण्याआधी पेटीतला मुख्य स्विच बंद करावा."

"शेवटच्या पानावर."

"छापलंय ना."

"सर, पहिल्या पानावर आपण काय छापलंय? 'पेटी तुमच्या खिशात.' लोकांनी तेच खरं धरलं. माझ्या वडिलांनी काटा बघून सांगितलं, उतर. त्यांनी जुन्या पेटीवर जे केलं असतं तेच केलं."

शिवप्रसाद बराच वेळ टेबलावरची पेन्सिल फिरवत राहिले. "पुढच्या हंगामाला नवं काढू. सावकाश बदलू. आत्ता एकदम काटा काढला तर सगळ्यांना कळेल की तो... तुला कळतंय मी काय म्हणतोय ते."

"तोपर्यंत कुणी उतरलं तर?"

शिवप्रसादांनी पेन्सिल खाली ठेवली. दीपमाला उठून बाहेरच्या खोलीत आली. गौरीशंकर कॉम्प्युटरवरून नजर उचलत नव्हता.

"तक्रारी आल्या होत्या," तो हळूच म्हणाला. "बंद केली तरी मोटार चालूच राहिली, अशा. मी नेटवर्क म्हणून सोडून दिल्या."

"किती?"

"मोजल्या नाहीत मी." मग त्यानं खुर्ची सरकवून तिला जागा दिली. "काय लिहायचं ते सांग."

दोघं संध्याकाळपर्यंत बसले. स्वस्त यंत्राच्या पडद्यावरून पेटी गेली, दिवे गेले, काटा गेला. उरली दोन बटणं. लाल दाबलं की त्याखाली ठळक अक्षरं यायची: 'निरोप पाठवला आहे. मोटार बंद झाली की नाही हे या फोनला कळत नाही. विहिरीत उतरण्याआधी पेटीपाशी जाऊन मुख्य स्विच बंद करा.' गौरीशंकरनं ते सगळ्या फोनवर सोडलं. शिवप्रसादांना त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून कंपनीचे फोन वाजत राहिले. काटा कुठं गेला, पेटी कुठं गेली, पैसे घेऊन आम्हाला हे काय दिलं. काही जणांना मात्र अर्थ कळला होता. परंड्याकडच्या एका माणसानं फक्त एवढंच विचारलं, "म्हंजी आजवर तो काटा उगाच हालत हुता का?" दीपमाला हो म्हणाली.  "माझी पोरं उतरतेत इहिरीत," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

शिवप्रसाद दुपारी आले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. दीपमालाला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं, आणि गौरीशंकरला ठेवून घेतलं, कारण त्याच्याशिवाय यंत्रं चालली नसती. पण काटा त्यांनी परत लावला नाही. पुढं त्यांनी लोकांना बोलावून कडं बसवून द्यायला सुरुवात केली असं तिच्या कानावर आलं. ते त्यांनी भीतीनं केलं की वडिलांच्या दुकानाची आठवण ठेवून, हे तिला कधी कळलं नाही.

सामान घेऊन ती तामलवाडीला आली आणि घरी न जाता आधी बजरंगाकडं गेली. त्याला दवाखान्यातून सोडलं होतं. तो पडवीत खाटेवर टेकून बसला होता, पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवलेला. राजेश्वरी ज्वारी निवडत होती. तिनं दीपमालाला बस म्हटलं नाही.

दीपमालानं उभ्यानंच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. स्वस्त यंत्रात कडं नव्हतं हे आपल्याला माहीत होतं, काटा खोटा हलणार हेही माहीत होतं, एकदा विचारलं आणि नंतर गप्प बसलो, आणि तेच यंत्र आपल्याच विहिरीवर बसवलं. "आण्णांनी लालच दाबलं होतं काका," ती म्हणाली. "त्यांना बरोबर दिसलं होतं."

राजेश्वरीचे हात सुपात तसेच राहिले. बजरंग छताकडं बघत होता.

"तू बसवलंस तवा म्या शिडी धरली हुती," तो म्हणाला. "खांबावर यंत्राची डबी लावताना."

"हो काका."

"मला सांगितलं आसतंस तर म्या पेटीपाशी गेलो आसतो. दोन बांध तर हायेत."

 ती तशीच उभी राहिली.

राजेश्वरी उठली.  "माझा भाऊ दादांना दवाखान्यात नगं ते बोलला. म्या ऐकून घेतलं. घरी आल्यावर भाकर पाठवली न्हाई. त्यो म्हातारा माणूस एकटा बसून काय खात आसंल ते इचारलं न्हाई." ती थांबली. "तू आमच्याकडून हे करून घेतलंस. आता जा तू. माझ्याच्यानं तुझ्याकडं बघवत न्हाई."

दीपमाला घरी आली. उत्तरेश्वरांना तिनं सांगितलं. ते रागावले नाहीत, पण त्या दिवशी तिच्याशी बोललेही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी राजेश्वरी स्वतः आली. दीपमाला आत होती. राजेश्वरीनं ओट्याच्या कडेला बसून पदरानं तोंड पुसलं.

"दादा, माझं चुकलं," ती म्हणाली.

"काय चुकलं न्हाई."

"तुमी म्हणायचं हुतं, म्या लालच दाबलं म्हणून."

"मलाच खातरी न्हवती बाई," उत्तरेश्वर म्हणाले. "सगळ्यांनी म्हणल्यावर मला वाटलं, न्हाईच दाबलं." मग जरा थांबून म्हणाले, "बजरंग कसा हाय?"

"जेवताना रागावत्यात. डाव्या हातानं घास धरता येत न्हाई."

"चल, येतो," म्हणून ते काठी शोधायला लागले. दोघं सावकाश चालत गेले. ते संध्याकाळी परतले तेव्हा दीपमालानं दिवा लावला होता. ती काही विचारायच्या आधीच ते म्हणाले, "तुला म्हणलं हुतं, बोलू नगंस. आता लोकं तुला नावं ठिवत्यात."

"ठेवू देत."

"मला त्याचा तरास हुतो."

"मला माहीत आहे आण्णा."

 पण रात्री जेवायला ते पोटभर जेवले, ते तिनं पाहिलं.

कांदा काढणीला आला तेव्हा दीपमाला गावातच होती. सोलापूरला एकदोन ठिकाणी तिनं विचारून ठेवलं होतं, अजून काही ठरलं नव्हतं. बाया मिळत नव्हत्या, ऊन तापायला लागलं होतं, आणि बजरंगाचा कांदा रानात वाळत होता. एक दिवस ती कुणी न बोलावता विळा घेऊन त्यांच्या रानात गेली आणि कडेच्या वाफ्यात बसून पात कापायला लागली. राजेश्वरी पलीकडच्या वाफ्यात होती. तिनं मान वर करून बघितलं आणि परत खाली घातली. दिवस तसाच गेला. दुसरा दिवसही. तिसऱ्या दिवशी बजरंग रानात आला आणि झाडाखाली बसून डाव्या हातानं लहान-मोठा कांदा वेगळा करायला लागला. त्याला वेळ लागत होता. कुणी मदतीला गेलं नाही, कारण त्यानं ते खपवून घेतलं नसतं.

दुपारच्या वेळी राजेश्वरी वाफा संपवून दीपमालाच्या वाफ्यापाशी आली. कमरेवर हात ठेवून तिनं उरलेल्या रानाकडं बघितलं.

"पुढं काय करणार हायेस?" तिनं विचारलं.

"ठरलं नाही काकू."

"काढणी व्हईस्तोवर ऱ्हा मग. माणसं न्हाईत." ती खाली बसली आणि दीपमालाच्याच वाफ्याच्या दुसऱ्या टोकापासून कापायला लागली.